पित्त, आम्ल आणि खाडीची उघाडी : छातीतल्या जळजळीचा इतिहास

१/
आयुर्वेदाच्या एका प्राचीन संहितेत एक विलक्षण विधान आढळते. आंबट ढेकरा, छाती-घशातील दाह आणि अन्नाविषयी नावड अशी लक्षणे असलेला आम्लपित्त हा विकार बहुधा ‘आनूप’ देशात होतो. म्हणजे जेथे पाणी, दलदल आणि ओलावा विपुल आहे अशा प्रदेशात. औषधांनी तो शमला नाही, तर रुग्णाने तो देश सोडून दुसरीकडे जावे, असेही ती संहिता सुचवते. मुंबईच्या वायव्य टोकाला, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वसलेली गोराई हा असाच आनूप प्रदेश. तेथील माणसाने मग जावे तरी कोठे? या प्रश्नाच्या निमित्ताने छातीतल्या जळजळीचा हा इतिहास.

२/
गोराई, मनोरी, उत्तन ही गावे ज्या भूभागावर आहेत, त्याला धारावी बेट म्हणतात. (झोपडपट्टीसाठी प्रसिद्ध असलेली धारावी निराळी.) बोरिवली आणि गोराई यांच्यामध्ये खाडी आहे. ती होडीने ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदरकडून मोठा वळसा घालावा लागतो. तिवरांची दाटी, सुकत घातलेले बोंबील, भातशेती, ताडामाडांच्या रांगा आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी घरे हे या किनाऱ्याचे रूप. या विकाराच्या इतिहासातील बहुतेक सगळी पात्रे या किनाऱ्यावर हजर आहेत: शिंपले, आमसूल, मिरची, शिरका, आणि समुद्राचे पाणी अडवणारे बांधसुद्धा.

३/
प्रथम शब्दाचा गोंधळ सोडवला पाहिजे. मराठीत पित्त होते, पित्त उठते आणि पित्त खवळतेही. पहिल्यात पोट बिघडते, दुसऱ्यात अंगावर गांधी येतात, तिसऱ्यात राग येतो. आयुर्वेदातील पित्त हा उष्ण आणि तीक्ष्ण गुणांचा एक दोष. तो कोणत्याही एका अवयवाचा रस नव्हे. आधुनिक शरीरशास्त्र मराठीत आले, तेव्हा यकृतातून स्रवणाऱ्या हिरवट-पिवळ्या द्रवाला पित्तरस हे नाव मिळाले. पण घशाशी येणारे आंबट पाणी मुख्यतः जठरातील आम्ल असते. एकाच शब्दाने तीन-चार गोष्टींचा भार वाहिल्यामुळे हा विकार नेमका कशाचा, हा प्रश्न मराठी घरांत सहसा विचारलाच गेला नाही.

४/
चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत आम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय नाही. तो आढळतो काश्यपसंहितेत. आरंभी उल्लेखलेले देशांतराचे विधान तिथलेच. हा ग्रंथ मुख्यतः बालरोगांचा आहे. त्याची खंडित पोथी नेपाळात सापडली आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून तो प्रसिद्ध झाला. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरांनी रचलेले माधवनिदान. विरुद्ध, बिघडलेले, अति आंबट आणि दाह करणारे अन्नपान ही कारणे, आणि अपचन, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, छाती व घशातील दाह, अरुची ही लक्षणे त्यात एकत्र मांडली आहेत. आजच्या कोणत्याही दवाखान्यात ही यादी अनोळखी वाटणार नाही.

५/
माधवनिदानात आणखी एक सूक्ष्म भेद आहे. आम्लपित्त दोन प्रकारचे: ‘ऊर्ध्वग’, म्हणजे वर जाणारे, आणि ‘अधोग’, म्हणजे खाली जाणारे. आजच्या वैद्यकातील निदाने या दोन नावांवर जशीच्या तशी बसवता येत नाहीत. जुन्या आम्लपित्तात आजचे अनेक विकार सामावलेले होते. तरीही दिशेचा विचार त्या वैद्यांना सुचला, ही लक्षणीय गोष्ट आहे. पदार्थ कोणता, याच्याइतकेच तो कोणत्या दिशेने चालला आहे हे महत्त्वाचे, असा त्याचा अर्थ. पुढची अनेक शतके उपचारांचा रोख मात्र पदार्थावरच राहिला. दिशेचा प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला.

६/
पदार्थावरचा उपाय किनाऱ्यावरच पडलेला होता. शंख, शिंपा, कवडी आणि प्रवाळ यांची भस्मे आयुर्वेदात आम्लपित्तावर दिली जातात. या साऱ्या वस्तू मूलतः कॅल्शियम कार्बोनेटच्या बनलेल्या असतात. कॅल्शियमचा हा क्षार आम्लात मिसळला की आम्लाचा जोर ओसरतो. आज औषधाच्या दुकानात चघळण्याची जी पांढरी आम्लनाशक गोळी मिळते, तिच्यातही पुष्कळदा हेच रसायन असते. वैद्यांपाशी रेणूंची भाषा नव्हती, अनुभव होता. गोराईच्या वाळूतला शिंपला आणि कारखान्यातील गोळी यांच्यात शुद्धतेचे आणि मात्रेचे अंतर आहे, तत्त्वाचे नाही.

७/
हे ज्ञान मुंबईच्या परिसरातच कारखान्यात पोहोचले. १८७२ मध्ये पनवेल येथे कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर ही औषधनिर्मिती संस्था सुरू केली. वैद्याच्या खलबत्त्यातील औषध बाटलीत भरून, नावाची चिठ्ठी लावून दूरवर जाऊ लागले. आम्लपित्तावरचा सूतशेखर रस अशाच प्रकारे मराठी घरांत परिचित झाला. त्यात शंखभस्म आहेच, पण पारा, ताम्रभस्म आणि बचनाग हे शोधन केलेले घटकही आहेत. म्हणूनच परंपरेने ते वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावयाचे औषध मानले. बाटली घरात आली आणि वैद्य मागे राहिला. औषधांच्या आधुनिक इतिहासात ही गोष्ट पुढेही घडणार होती.

८/
आता स्वयंपाकघराकडे वळावे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टी होती आणि मुंबईची बेटेही होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, या किनाऱ्यावर पोर्तुगीज सत्ता होती. अमेरिका खंडातून निघालेली मिरची, काजू आणि तंबाखू याच दर्यावर्दी साम्राज्याच्या मार्गाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तोपर्यंत येथील स्वयंपाकातला तिखटपणा मुख्यतः मिरी, पिंपळी आणि आले यांचा होता. मुंबईकडे मिरचीला ‘गोवाई मिरची’ म्हणत. तिचा प्रवास त्या नावातच नोंदलेला आहे.

९/
१५३४ मध्येच गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात पोहोचला. मुंबई बेट पुढे त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात ‘ब्रिंडांव’ नावाच्या आंबट फळाचा उल्लेख आहे. कोकणीतले भिरंड ते हेच, म्हणजे आपले कोकम. (कोकमाच्या शास्त्रीय नावातील ‘गार्सिनिया’ हा शब्द मात्र या गार्सियावरून आलेला नाही. तो अठराव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ लोराँ गार्सँ याच्या स्मरणार्थ आहे.) ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो मूळ ज्यू घराण्यातला असल्यामुळे १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

१०/
कोकणात पित्तावर आमसुलाचे पाणी देण्याची चाल जुनी आहे. येथे एक कोडे आहे. शिंपल्याचे भस्म आम्लाला विरोध करते हे समजण्यासारखे. पण आमसूल स्वतःच आंबट. ते आम्लाचा जोर कमी करू शकत नाही. आयुर्वेदाच्या चौकटीत हे कोडे उरत नाही, कारण तेथे पित्त म्हणजे केवळ आंबटपणा नव्हे. अंगातील उष्णता, तहान, अंगावरच्या गांधी हे सारे पित्तच. आमसुलाचे पाणी बहुधा या व्यापक पित्तावरचा उतारा होते. छातीत जळजळ असताना मात्र आंबट सरबताने काहींचा त्रास वाढतो. तेव्हा ‘पित्तावर आमसूल’ हे वचन कोणत्या पित्ताबद्दल आहे, हे आधी विचारायला हवे.

११/
गोराईच्या ईस्ट इंडियन स्वयंपाकात या साऱ्या इतिहासाचे थर दिसतात. मिरच्या आणि इतर अनेक मसाले भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेला बाटली मसाला वर्षभर पुरतो. शिरक्यात मुरवलेले विंदालू आणि सोरपातेल सणासमारंभाला लागते. (या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव औपचारिकपणे स्वीकारले ते १८८७ मध्ये.) अशा जेवणावर जळजळीचा आरोप सहज होतो. तिखटाने काहींची जळजळ वाढते, हे खरे. पण त्याहून अधिक परिणाम जेवणाच्या आकारमानाचा, त्यातील चरबीचा आणि वेळेचा होतो. सणाचे जेवण वर्षातून काही वेळा असते. रोज रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे होणे ही शहराने लावलेली सवय आहे.

१२/
इकडे युरोपात जळजळीला हृदयाचे नाव चिकटले होते. अन्ननलिका जठराला मिळते त्या मुखाला ग्रीक वैद्य ‘कार्डिया’ म्हणत. तोच शब्द हृदयालाही होता. जठरातले आम्ल नेमके कोणते, हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी डिसेंबर १८२३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले: हायड्रोक्लोरिक आम्ल. एवढे जहाल आम्ल जिवंत शरीरात असते, ही कल्पना अनेकांना पचली नाही. पण १८२२ मध्येच अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराला बंदुकीची गोळी लागली होती. तो वाचला, पोटावरचे छिद्र मात्र बुजले नाही.

१३/
लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, बाहेर काढले आणि पचन प्रत्यक्ष पाहिले. १८३३ मध्ये त्यांचे ग्रंथरूप निवेदन आले. सेंट मार्टिन संतापला की त्याच्या पचनावर परिणाम होतो, हेही त्यांनी नोंदले. मराठीतील ‘पित्त खवळणे’ या प्रयोगाला येथे एक अनपेक्षित साक्षीदार मिळतो. या शोधाची किंमत एका गरीब मजुराने मोजली, हेही विसरता येत नाही. करार करून त्याला वर्षानुवर्षे प्रयोगांसाठी बांधून घेतले गेले होते. यातून जठर म्हणजे आम्लाचे पात्र हे चित्र पक्के झाले आणि आम्ल हा शत्रू ठरला.

१४/
शत्रू ठरला की शस्त्रेही येतात. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे औषधविक्रेते जेम्स क्रॉसली ईनो यांचे फसफसणारे चूर्ण साम्राज्यभर पसरले आणि भारतीय घरांत ‘इनो’ हे त्या वस्तूचे नावच होऊन बसले. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. उरलेला क्षार जठरातले आम्ल सौम्य करतो आणि मोठी ढेकर येऊन मोकळे वाटते. गंमत अशी की ढेकर येण्यासाठी अन्ननलिका आणि जठर यांच्यामधले दार उघडावेच लागते. ज्या वाटेने आम्ल वर येते, तीच वाट तेवढ्यापुरती मोकळी होते.

१५/
या दाराकडे लक्ष जायला विसावे शतक उजाडावे लागले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅशर विंकलस्टाइन यांनी अन्ननलिकेचा दाह जठररसामुळे होत असावा, असे मांडले. १९४० च्या दशकात इंग्लंडमधील शल्यविशारद फिलिप अ‍ॅलिसन यांनी हा दाह आम्लाच्या उलट्या प्रवाहाशी जोडला. १९५६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फाइक, कोड आणि श्लेगेल यांनी अन्ननलिकेच्या तळाशी सतत दाब राखणारा एक पट्टा मोजून दाखवला. शवविच्छेदनात ठळक न दिसणारे ते दार जिवंत माणसात काम करताना सापडले. आम्ल आपल्या जागी असते तोवर ते पचनाचा सेवक असते. जागा ओलांडली की दाह होतो.

१६/
कोकणच्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. खारजमिनीत भात पिकवण्यासाठी बांध घालतात आणि बांधात ‘उघाडी’ ठेवतात. ओहोटीला शेतातले जादा पाणी ती बाहेर सोडते. भरती आली की पाण्याच्याच दाबाने ती मिटते आणि खारे पाणी आत शिरत नाही. उघाडी सैल झाली, तर समुद्राला दोष देऊन उपयोग नसतो. अन्ननलिकेच्या तळाचे दार असेच एकदिशा आहे. १९८२ मध्ये वायली डॉड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे दार कायमचे दुबळे नसतानाही अधूनमधून क्षणभर सैलावते आणि त्याच वेळी आम्ल वर येते. गच्च भरलेले जठर हे सैलावणे वाढवते. तंबाखूतील निकोटिन दाराचा दाबच कमी करते.

१७/
औषधशास्त्र तरीही आम्लाच्याच मागे होते, आणि त्यात त्याने मोठे यश मिळवले. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले. रॅनिटिडिन १९८१ मध्ये आले, आणि आम्ल तयार करणारा ‘पंप’च थांबवणारे ओमेप्राझोल १९८८ मध्ये. त्याच वर्षी ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अल्सरसाठी होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. अन्ननलिकेचे व्रण भरून येऊ लागले. हे यश लहान नाही. पण ओमेप्राझोल वर येणाऱ्या द्रवाची आम्लता घटवते, त्याचे वर येणे थांबवत नाही. दार होते तसेच राहते.

१८/
ही औषधे भारतीयांच्या आवाक्यात आली त्यामागे कायदा होता. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला आणि तो १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, केवळ बनवण्याच्या प्रक्रियेवर. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी वेगळ्या प्रक्रियेने तीच औषधे स्वस्तात बनवली. मुंबईच्या जे. बी. केमिकल्सचे ‘रॅनटॅक’ आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज्‌चे ‘ओमेझ’ ही नावे घरोघरी गेली. २००५ पासून रेणूवरचे पेटंट परत आले, तोवर या गोळ्या रोजच्या झाल्या होत्या. पनवेलच्या बाटलीप्रमाणेच येथेही औषध घरात आले आणि वैद्य मागे राहिला.

१९/
या सवयीला धक्का बसला तो २०१९ मध्ये. रॅनिटिडिनमध्ये कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेला एनडीएमए हा अशुद्ध घटक आढळला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ते बाजारातून मागे घेण्यास सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले गेले. दुसरा प्रश्न पद्धतीचा आहे. ओमेप्राझोलच्या वर्गातील गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते आणि नेहमीच्या जळजळीसाठी तिचा क्रम साधारण ८ आठवड्यांचा असतो. त्यानंतर पुनर्विचार अपेक्षित आहे. काहींना ती दीर्घकाळ खरोखरच लागते. पण तो निर्णय डॉक्टरांचा, सवयीचा नव्हे.

२०/
दाराचे शास्त्र आणि जुने आचार यांची भेट होते ती वेळेच्या प्रश्नावर. आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात: वजन जास्त असल्यास घटवावे, झोपण्यापूर्वी दोन-तीन तास जेवू नये, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी, तंबाखू सोडावा. बोरिवलीतील जैन कुटुंबे चौविहार पाळून सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करतात. गोराईच्या जागतिक विपश्यना पॅगोडाजवळील केंद्रात शिबिरार्थींचे मुख्य जेवण दुपारी बाराच्या आत उरकते. या नियमांमागचे हेतू धार्मिक आहेत, वैद्यकीय नव्हेत. पण रात्री रिकामे जठर घेऊन झोपणे हा परिणाम तोच. शतपावली आणि वामकुक्षी हे शब्द तर मराठीचेच. वाम म्हणजे डावा: डाव्या कुशीवर जठरातले आम्ल दारापासून खालच्या पातळीवर राहते, हे आजच्या मोजमापांतही दिसते. मात्र जळजळ असणाऱ्याने जेवून लगेच आडवे होऊ नये.

२१/
एक सावधगिरी इतिहासाहून महत्त्वाची आहे. ‘कार्डिया’ या शब्दातला गोंधळ आजही जीव घेऊ शकतो. छातीतील दाब किंवा वेदना हात, जबडा वा पाठीकडे पसरत असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर ते पित्त समजून इनो घेत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. गिळताना अडकणे, कारणाशिवाय वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच, रक्तक्षय ही लक्षणे असल्यास तपासणी टाळू नये. वर्षानुवर्षांच्या आम्लाने अन्ननलिकेच्या तळाचे अस्तर बदलू शकते. त्या अवस्थेला शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांचे नाव आहे, आणि क्वचित ती कर्करोगाकडे नेते.

२२/
काश्यपसंहितेच्या वैद्याने रुग्णाला देश बदलायला सांगितले. शिंपल्याच्या भस्माने, फसफसणाऱ्या चुर्णाने आणि स्वस्त गोळीने काहीच न बदलण्याची सोय दिली. संध्याकाळची गर्दीची लोकल, मग बोरिवलीची रिक्षा, मग खाडीची होडी, आणि रात्री दहानंतर पहिले सावकाश जेवण: ज्यांचा दिवस असा आहे, त्यांना ‘लवकर जेवा’ हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण. म्हणूनच गोळी इतकी लोकप्रिय झाली. ती वेळेच्या अभावावरचा उतारा ठरली. देशांतर कोणाला शक्य नाही, पण रात्रीचे ताट हलके करणे, संध्याकाळी काही पोटभरीचे खाऊन घेणे, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवणे बहुतेकांना शक्य आहे. खाडी आपल्या जागी राहणारच. शेतकरी तिच्याशी भांडत नाही. पावसाळ्याआधी उघाडी तपासतो.